प्रकरण: ड्यूटीवर 'झिंगलेला' हवालदार

आधीच सांगते, दलाचं नाव, युनिटचं नाव लिहिणार नाहीये, आणि ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना आपण नाना म्हणू. नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं, मिसळ आणि कुंभमेळा आठवतो, पण नाशिक रोडचे नोटांचे आणि स्टॅम्पचे प्रेस, देवळालीचा तोफखाना, ओझरचा विमानांचा कारखाना, सेंट्रल जेल, त्र्यंबक रोडची पोलीस अकादमी हे सगळं धरलं तर या शहराच्या अंगाखांद्यावर गणवेशातली किती माणसं राहतात याचा बाहेरच्याला पत्ताच नसतो. त्यातल्याच एका केंद्रीय सुरक्षा दलाच्या युनिटला मी काँट्रॅक्टवर मेडिकल ऑफिसर आहे. साधी एमबीबीएस, संध्याकाळी उपनगरला माझा स्वतःचा छोटा दवाखाना, सकाळी युनिटचा एमआय रूम. एमआय रूम म्हणजे दोन खाटा, एक ईसीजी मशीन ज्याचा कागद नेमका गरजेच्या दिवशी संपतो, एक फार्मासिस्ट, दोन नर्सिंग असिस्टंट आणि एक अँब्युलन्स. काम वरवर पाहता सोपं: सिक रिपोर्टला आलेल्यांना तपासा, औषध द्या, वर्षातून एकदा सगळ्यांची मेडिकल करा, वरच्या ऑफिसला तक्ता पाठवा. हे सगळं किती सोपं नाही ते मला एका रात्री कळलं, म्हणून हे लिहून ठेवतेय.

ती रात्र

जानेवारी, संक्रांतीच्या दोन दिवस आधी. निफाडचा पारा सिंगल डिजिटमध्ये असतो ते दिवस. पहाटे साडेतीनला फोन वाजला, असिस्टंट कमांडंट साहेब होते. म्हणाले, मॅडम, मेडिकल करना पडेगा, एक हवालदार ड्यूटी पे पीके मिला है. झालं असं की सी शिफ्टला, म्हणजे रात्री नऊ ते पहाटे पाच, नाइट चेकिंगवाले इन्स्पेक्टर सव्वातीनला मागच्या गेटच्या मोर्चावर, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीवर, पोचले तर नाना खुर्चीत तिरके, रायफल खांद्यावरून घसरून मांडीवर आलेली, पासवर्ड विचारला तर काहीतरी पुटपुटले, मग हसले, मग इन्स्पेक्टरसाहेबांना त्यांच्याच जुन्या पोस्टिंगच्या कुठल्यातरी माणसाच्या नावाने हाक मारली. आता सेंट्री असा सापडला तर कुणीही काय समजणार? हत्यार काढून घेतलं, गोळ्या मोजून कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा केल्या, ब्रेथ अनालायझर आणायला माणूस पळवला आणि मला फोन.

मी विचारलं घाम आहे का. साहेब म्हणाले हां, बहुत पसीना है, जर्सी भीग गयी है.

त्या थंडीत. मोर्चाला शेकोटीपण नव्हती.

मी नर्सिंग असिस्टंटला फोनवर घेतलं आणि म्हटलं ब्रेथ अनालायझर राहू दे, आधी ग्लुकोमीटर लाव. मागून आवाज आला, तोवर मोर्चावरच्या जोडीदाराने, बिचाऱ्याने चांगल्याच मनाने, "कमजोरी आली असेल" म्हणून खिशातला तिळगुळाचा लाडू नानांच्या तोंडात कोंबायला घेतला होता. मी फोनवरच ओरडले की तोंडात काही घालू नका. का, तर माणूस अर्धवट शुद्धीत असताना त्याला घट्ट, चिवट काही भरवलं की ते श्वासनलिकेत जातं आणि शुगरने जे झालं नसतं ते लाडवाने होतं. शुद्धीत असेल, नीट गिळत असेल तर साखरेचं पाणी द्यायचं, साधारण १५ ग्रॅम साखर म्हणजे तीन-चार चमचे, पंधरा मिनिटांनी परत शुगर बघायची. शुद्ध हरपत असेल तर शिरेतूनच.

मीटरवर आकडा आला ३८.

ज्यांना अंदाज नाही त्यांच्यासाठी, ७० च्या खाली शुगर गेली की कमी धरतात, ५४ च्या खाली म्हणजे मेंदूला साखर पुरत नाही, माणूस बावचळतो, बरळतो, कधी भांडतो, अगदी दारू प्यायल्यासारखाच दिसतो. ३८ ला नाना बोलत होते हेच नशीब. २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली शिरेतून गेली आणि मी स्कूटीवरून पोचेपर्यंत नाना उठून बसले होते, माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही कशा काय इथं?" चेहऱ्यावर तिळगूळ फासलेला. ब्रेथ अनालायझर नंतर लावला, शून्य.

इथे एक गोष्ट झाली जी सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. साहेब म्हणाले, चला, बरा झाला ना, बॅरेकला झोपू द्या, सकाळी बघू. तोवर मी नानांच्या कानाशी वाकून विचारलं होतं की नाना, गोळी कोणती घेता, आणि नानांनी साहेबांकडे बघून डोळे मिटून घेतले होते. उत्तर मिळालं. गोळीशिवाय, इन्सुलिनशिवाय शुगर अशी ३८ वर सहसा येत नाही. आणि गोळी जर ग्लिमेपिराइडच्या जातीची असेल तर तिचा अंमल चोवीस तास आणि कधी त्याहून जास्त राहतो, म्हणजे आत्ता दिलेलं ग्लुकोज जळून गेलं की शुगर परत खाली. मी हटून बसले, अ‍ॅडमिट करायला लावलं. सकाळी साडेसातला हॉस्पिटलमध्ये, ड्रिप चालू असताना, परत ६१. बॅरेकमध्ये रजई घेऊन झोपले असते तर शेजारच्याला वाटलं असतं नाइट मारून आलाय, झोपू दे.

पेटीत काय सापडलं

नाना सिन्नरकडचे. वय ४७, हेड कॉन्स्टेबल, नोकरी पंचवीस वर्षांच्या पुढे, काश्मीरपासून केरळपर्यंत फिरून शेवटी घराजवळ पोस्टिंग मिळालेलं. स्वभावाने गप्प. युनिटमध्ये सगळं हिंदीत चालतं त्यामुळे मराठी माणूस दिसला की आम्ही दोघंही थोडं सैलावायचो, एकटे असलो की ते मला ताई म्हणायचे, चार लोकांत मॅडम.

दुपारी त्यांनीच जोडीदाराला सांगून पेटीतून गोळ्या मागवल्या. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, आणि पाकिटाची चांदी नावाच्या बाजूने नखाने खरवडून काढलेली, म्हणजे कुणी पेटी उघडली तरी कशाची गोळी ते कळू नये. मी वीस-बावीस वर्षं प्रॅक्टिस करतेय, एचआयव्हीच्या गोळ्या लपवणारे बघितलेत, टीबीच्या बघितलेत, शुगरच्या गोळीचं नाव खरवडणारा माणूस पहिल्यांदा बघितला.

तीन वर्षं चालू होती. सुट्टीत गावी गेले असताना तिथल्या प्रायव्हेट डॉक्टरने सुरू केलेली, नंतर जेल रोडच्या एका मेडिकलवाल्याकडून रोख पैसे देऊन आणायचे. लक्षात घ्या, सरकारने २३ जानेवारी २०२१ ला सीएपीएफसाठी, म्हणजे आमच्यासारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी, आयुष्मान योजना सुरू केली, जवान आणि घरच्यांना कार्डावर कॅशलेस अ‍ॅडमिशन मिळते, आणि एमआय रूममध्ये शुगरची गोळी फुकट आहे. तरी हा माणूस खिशातून खर्च करत होता. कारण कार्ड लावलं की नोंद होते.

नोंदीची एवढी भीती कशाची ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. सीएपीएफमध्ये दरवर्षी मेडिकल होते आणि तिचा निकाल शेपमध्ये लागतो: एस म्हणजे मानसिक, एच म्हणजे ऐकू येणं, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण क्षमता, त्यात हृदय, शुगर, बीपी सगळं आलं, आणि ई म्हणजे डोळे. सगळीकडे एक नंबर असेल तर शेप-वन. कुठे दोन किंवा तीन लागला की लो मेडिकल कॅटेगरी. आणि प्रमोशनला शेप-वन लागतो. बॅरेकमध्ये याचं भाषांतर एकच आहे, "पी-टू लागला की गेलं." नानांचा एएसआयचा (असिस्टंट सब-इन्स्पेक्टरचा) नंबर त्या वर्षी लागणार होता. मुलगी बारावीला.

मेडिकल पास कशी व्हायची

हे मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण मेडिकल मीच करत होते. नानांचे तिन्ही वर्षांचे कागद काढले. उपाशीपोटी शुगर ९८, १०४, १०१. १२६ च्या पुढे गेली की डायबेटिस म्हणतात, म्हणजे नाना कागदावर ठणठणीत. हॉस्पिटलने एचबीए१सी केली तर ८.९. ही टेस्ट मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस रक्तातली साखर तिच्यावर चिकटत राहते. ६.५ च्या पुढे डायबेटिस. मग उपाशीपोटी ९८ कशी?

नाना हसत म्हणाले, ताई, मेडिकलची तारीख महिनाभर आधी लागते की ऑर्डरमध्ये.

तारीख लागली की बॅरेकमध्ये मेडिकलचा सीझन सुरू होतो म्हणे. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, रात्रीचं जेवण बंद, पहाटे पळणं, आणि ज्यांच्याकडे गोळी आहे ते आठवडाभर डबल घेतात. बीपीवालेही तसेच. वर्षाचे ३५८ दिवस आजार आणि सात दिवस तब्येत. आमचा तक्ता त्या सात दिवसांचा असायचा.

आणि त्या तक्त्याचं कौतुक व्हायचं! आमच्या युनिटचं शेप-वनचं प्रमाण चांगलं म्हणून वरच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये नाव निघायचं, कमांडंट साहेब खूश, साहेब खूश म्हणून मी खूश, जवान तर खूशच. जितके कमी आजारी सापडतील तितकं सगळ्यांचंच भलं, अशी ही रचना होती आणि त्यात मी पाच वर्षं आरामात बसले होते. भारतात २०२३ च्या आयसीएमआरच्या अभ्यासात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस निघालाय, आणि आमच्याकडे चाळिशीच्या पुढचे इतके पुरुष, शिफ्टची झोप, मेसचं खाणं, आणि २०१९ पासून सगळ्याच सीएपीएफमध्ये निवृत्तीचं वय ६० झाल्यामुळे पन्नाशीपुढची माणसंही उभ्या ड्यूटीला, तरी शुगरवाले नावालाच, हे मला कधी खटकायला हवं होतं? खटकलं नाही.

याहून वाईट पुढे आहे. हॉस्पिटलच्या रिपोर्टमध्ये नानांचं क्रिअ‍ॅटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) १.७, लघवीत प्रोटीन. म्हणजे किडनीवर परिणाम सुरू, आणि किडनी मंदावली की ग्लिमेपिराइड शरीरात साठते, शुगर जास्त पडते, त्या रात्रीचं अर्धं कोडं तिथे सुटलं. मग मी एमआय रूमचं रजिस्टर काढलं. नानांच्या नावावर गुडघेदुखी, वर्षात चौदा वेळा. प्रत्येक वेळी डायक्लोफिनॅक पाच दिवस, खाली सही माझी. उभी ड्यूटी, वय, वजन, गुडघे दुखणारच, मी न विचारता वेदनाशामक देत गेले. आधीच शुगरने दमलेल्या किडनीवर आपण वर्षभर डायक्लोफिनॅकचा मारा करतोय हे मला माहीत नव्हतं कारण त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं कारण सांगितलं असतं तर मी लिहिलं असतं. असं ते चक्र. पण एकदा तरी बीपी-शुगर-क्रिअ‍ॅटिनिन बघायला कुणी अडवलं नव्हतं मला, हेही खरं.

उपाशी किती तास?

आता त्या रात्रीचं दुसरं अर्धं. मी नानांना तासातासाचा हिशेब विचारला. सी शिफ्टवाल्यांचं जेवण मेसमध्ये साडेसात-पावणेआठला. त्या दिवशी नानांना भूक नव्हती, अर्धी पोळी आणि वरण. गोळी मात्र नेहमीची, आणि त्या आठवड्यात मेडिकलची तारीख लागलेली म्हणून डबल. आठला कोतमधून हत्यार, साडेआठला ब्रीफिंग, नऊला मोर्चा. नऊ ते पाच उभं, मध्ये एक चहा, तोही बिनसाखरेचा कारण शुगरची काळजी! परत आल्यावर हत्यार जमा, आंघोळ, नाश्ता साडेसहाला. म्हणजे धडधाकट माणसालासुद्धा अकरा तास पोटात काही नाही. डबल गोळी, अर्धी पोळी, अकरा तास, दमलेली किडनी. सव्वातीनपर्यंत तग धरला हेच जास्त.

नाशिककर म्हणून एक अवांतर: नाइट संपली की ही पोरं सकाळी मिसळीवर तुटून पडतात, तर्री, पापड, दोन-दोन एक्स्ट्रा पाव, वर जिलेबी, आणि मग पडदे लावून झोप. मी मिसळविरोधी अजिबात नाही, दर रविवारी खाते. पण रात्रभर उपाशी आणि सकाळी एकदम एवढं पोटात, असं वर्षानुवर्षं चाललं की डॉक्टरला वेगळं काही शोधायला लागत नाही.

रिपोर्ट काय लिहायचा

कमांडंट साहेबांनी बोलावलं. त्यांचे प्रश्न दोनच होते: प्यायला होता का, आणि नाही तर चूक कुणाची. पहिल्याचं उत्तर सोपं, लेखी दिलं, अल्कोहोल शून्य, शुगर ३८, हे आजारामुळे. नाहीतर इन्स्पेक्टरने लिहिलेली पहिली ओळ, "नशे की हालत में पाया गया", तीच फाइलमध्ये राहिली असती आणि पंचवीस वर्षांची नोकरी त्या ओळीने धुतली असती. इन्स्पेक्टरवर माझा राग नाही, त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, पण ती ओळ बदलायला मला तीन चकरा माराव्या लागल्या.

दुसऱ्याला मी अडकले. नाना अजून हॉस्पिटलमध्ये, बायको बाहेर बाकावर, ती म्हणाली ताई, तेवढं प्रमोशन होऊ द्या, मग काय लिहायचं ते लिहा, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. लिहिता आलं असतं, "अ‍ॅक्युट गॅस्ट्रो, जेवण न गेल्यामुळे शुगर कमी." कुणी विचारलं नसतं. पण रायफल. तो माणूस भरलेल्या मॅगझिनची रायफल मांडीवर घेऊन बरळत होता आणि समोर त्याचा जोडीदार उभा होता. त्या रात्री बोट कुठे गेलं असतं तर? मी उपचार करणारी डॉक्टर आहे तशीच फिट-अनफिट ठरवणारीही मीच आहे, या दोन टोप्या एकाच डोक्यावर बसत नाहीत हे पुस्तकात वाचलं होतं, तिथे हॉस्पिटलच्या बाकावर पहिल्यांदा दोन्ही एकदम जाणवल्या.

खरं लिहिलं. मेडिकल बोर्डाने पी-२ (टी-२४) दिलं, म्हणजे चोवीस आठवड्यांसाठी तात्पुरती कॅटेगरी, मग रिव्ह्यू. हत्यारी ड्यूटी नाही, रात्रपाळी नाही. आजार लपवल्याबद्दल वेगळी चौकशी निघणार होती, तिथे मात्र मी कमांडंट साहेबांना सांगितलं की याच्यावर कारवाई केलीत तर उद्यापासून उरलेले सगळे गोळ्या पेटीऐवजी भिंतीत लपवतील. साहेब सज्जन, लेखी समज देऊन थांबले. त्या यादीतलं नानांचं प्रमोशन मात्र गेलं, त्यांच्या मागचे दोघे एएसआय झाले.

नाना माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. मग बोलायला लागले, पण एकटे असले तरी आता मॅडम म्हणतात.

मग काय बदललं, आणि काय नाही

पहिली गोष्ट, चिठ्ठी. आमच्याकडे सिक रिपोर्टला आलेल्याच्या चिठ्ठीवर मी निदान लिहायचे, "डीएम" (डायबेटिस), "एचटीएन" (हाय बीपी), "डिप्रेशन". ती चिठ्ठी कंपनीच्या मुन्शीकडे, म्हणजे कारकुनाकडे, जाते, तिथून संध्याकाळपर्यंत अख्ख्या बॅरेकला माहीत. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता चिठ्ठीवर फक्त फिट, लाइट ड्यूटी किंवा रेस्ट, किती दिवस, बस. निदान एमआय रूमच्या रजिस्टरात, रजिस्टर कपाटात, किल्ली माझ्याकडे आणि फार्मासिस्टकडे. कमांडंट साहेब म्हणाले मग मला कसं कळणार कुणाला काय झालंय. मी म्हटलं सर, कुणाकडून काय काम करून घेता येईल ते तुम्हाला कळेल, ड्यूटी लावायला तेवढं पुरतं. जरा नाखुशीनेच, पण मानलं.

दुसरी, सैनिक संमेलनात उभं राहून मी स्पष्ट सांगितलं की एमआय रूममध्ये येऊन शुगर-बीपी कधीही बघा, ओपीडीत गोळी सुरू केली म्हणून मी कुणाला बोर्डापुढे उभं करणार नाही, ते वार्षिक मेडिकलमध्ये जे व्हायचं ते होईल. पण हत्यारासोबत धोका आहे असं दिसलं तर थांबवणार, आणि ते आधी तुम्हाला तोंडावर सांगून. गुप्ततेचं सरसकट वचन देणं खूप सोपं होतं आणि टाळ्याही मिळाल्या असत्या, पण ते मला पाळता आलं नसतं. टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात दोघं आले, दोघंही गुडघेदुखीचे (यावेळी क्रिअ‍ॅटिनिन केलं). महिन्याभराने एक कॉन्स्टेबल एमआय रूम बंद करायच्या वेळेला आला, आणि खिशातून चांदी खरवडलेलं पाकीट काढलं. मग अजून एक. पाकिटं बघून मला वाटायला लागलं की ही युक्ती नानांची एकट्याची नव्हतीच.

तिसरी, गोळी. ज्यांना रात्रपाळी आहे, जेवणाच्या वेळेचा भरवसा नाही, हातात हत्यार आहे त्यांना ग्लिमेपिराइड शक्यतो नकोच. मेटफॉर्मिन, आणि लागलं तर ग्लिप्टिन गटातली गोळी, यांनी एकट्याने शुगर सहसा धोकादायक पडत नाही. आधी ग्लिप्टिन महाग म्हणून इंडेंटमध्ये, म्हणजे औषधांच्या मागणीपत्रात, कुणी टाकत नसे, पण व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या शेवटी आणि सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये संपलं, जेनेरिक आली, किंमत धाडकन उतरली. तरी आमच्या औषधांच्या जुन्या यादीत ग्लिमेपिराइडच छापलेलं. यादी बदलायला पत्र, तोवर लोकल पर्चेस. नानांचं मात्र किडनीमुळे मेटफॉर्मिनचा डोसही जपून, ते हॉस्पिटलचे फिजिशियन बघतात, मी लुडबुड करत नाही. वेदनाशामक बंद, गुडघ्याला फिजिओ आणि वजन.

चौथी, एचबीए१सी. चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांची, तारीख न लावता, मेडिकलच्या आधी तीन-चार महिने, टप्प्याटप्प्याने. काय निघालं त्याचे आकडे इथे टाकत नाही, युनिट ओळखू येईल. एवढंच सांगते की त्या वर्षी आमचा शेप-वनचा तक्ता खाली आला आणि वरच्या ऑफिसातून विचारणा आली, "गिरावट का कारण स्पष्ट करें". मी दीड पान स्पष्ट केलं. त्यावर उत्तर नाही.

पाचवी, प्रत्येक मोर्चावर ग्लुकोज पावडरची पुडी, क्यूआरटीच्या (क्विक रिअ‍ॅक्शन टीमच्या) गाडीत ग्लुकोमीटर, आणि चेकिंगवाल्या अधिकाऱ्यांना एक तासाचं शिक्षण: घाम, थरथर, बरळणं दिसलं तर आधी हत्यार सुरक्षित करा, मग बोटाला सुई, मग ब्रेथ अनालायझर. हा क्रम त्याच इन्स्पेक्टरसाहेबांनी आता पाठ केलाय आणि नव्या पोरांना तेच शिकवतात, लाडवाचा किस्सा रंगवून सांगतात, त्यात दरवेळी लाडू मोठा होतो.

शेपमधला एस, म्हणजे मन, तिथे मी काहीच करू शकलेली नाही. शुगरची गोळी लपवणारा माणूस झोपेची गोळी घेतो हे डॉक्टरला सांगेल? १४४१६ हा टेलिमानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन युनिटच्या बाहेर लागतो, तो मी बॅरेकच्या पाण्याच्या टाकीजवळ लावून ठेवलाय, नोटीस बोर्डवर मुद्दाम नाही, कारण नोटीस बोर्डसमोर उभं राहून कोण वाचतंय ते सगळ्यांना दिसतं.

राहिला रात्रीचा डबा. खरं सांगायचं तर या सगळ्यात मला सगळ्यात जास्त अभिमान त्याचा होता. रात्री एकला मोर्चावर डबा पोचवायचा, दोन पोळ्या, सुकी भाजी, उकडलेलं अंडं, व्हेजवाल्यांना मूठभर शेंगदाणे-फुटाणे, थर्मासात चहा. मेस सेक्रेटरी म्हणाला मॅडम, स्वयंपाकी रात्री कोण थांबवणार, मग साडेनऊलाच करून हॉट केसमध्ये ठेवायचं ठरलं, क्यूआरटीची गाडी तशीही राउंडला फिरतेच, तीच वाटप करेल. फेब्रुवारीत सुरू झालं, मे पर्यंत चाललं, पोरं खूश, सकाळच्या मिसळीचे पाव कमी झाले असं एकाने स्वतःहून सांगितलं. जूनमध्ये मेसचा नवा महिना लागला, हिशेबात कुणीतरी बोट ठेवलं की एका जवानाला दिवसात तीनच जेवणं मंजूर आहेत, हे चौथं कुठल्या हेडखाली, आणि डबा बंद. मी पत्र दिलं, मग स्मरणपत्र. साहेबांची बदली झाली, नवीन साहेबांना पहिल्यापासून समजावून झालंय, ते म्हणाले वरून मंजुरी आली की लगेच. सध्या सी शिफ्टवाले खिशात पार्लेजी नेतात. तिसरं स्मरणपत्र सोमवारी टाकलंय.